आपल्या टॉवरवरचा पहिला फोन

आण्णा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, पण आज तुम्ही शेजारी हवे होतात. रडायला नव्हे, हसायला. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीत आज आमचा मोबाइलचा टॉवर सुरू झाला. आमचा म्हणजे अगदी आमचा. वरचा रेडिओ आपल्या देशातला, खालची पेटी इथली, आणि त्या पेटीचं डोकं, म्हणजे आतलं सॉफ्टवेअरसुद्धा इथल्याच पोरापोरींनी लिहिलेलं. तुम्ही होतात तोवर मी बाहेरच्या देशांतली यंत्रं टॉवरवर चढवत होते, आणि तुम्ही त्यावर एक अक्षर बोलायचा नाहीत. तेच लागायचं.

सकाळी पेटीवरच्या पट्टीवर 'भारतात बनवलेलं' असं वाचलं आणि उंब्रजचं आपलं दुकान डोळ्यांपुढं आलं. फौजेत सिग्नलमध्ये, वायरलेसवर नोकरी करून तुम्ही रेडिओ दुरुस्तीला बसलात. कुणी रेडिओ आणला की काय बिघडलंय हे विचारायच्या आधी तो पालथा घालून कुठल्या देशाचा ते बघणार. गिऱ्हाईक आपलं ताटकळत उभं. पुढं गावात आपल्याच देशात बनवलेलं टेलिफोन एक्स्चेंज आलं, त्या दिवशी तुम्ही अख्ख्या आळीला पेढे वाटलेत. आई चुलीपुढून म्हणाली, "आवं, लेक झाली तवा साखर वाटलीसा, आन् त्या लोखंडी कपाटाला पेढे?" तुम्ही हसलात आणि गुपचूप मला दोन पेढे जास्त दिलेत.

रागावलातही एकदाच. मी कॉलेजातून मैत्रिणीचा परदेशी रेडिओ घेऊन आले होते आणि जेवताना मोठ्या ऐटीत म्हणाले, आपल्या लोकांना असलं जमायचं नाही. तुमचा घास हातातच राहिला. "तू कवा करून बघितलंस?" एवढंच विचारलंत. लय झोंबलं ते. अजून झोंबतं. म्हणून आज मी सगळ्या जोडण्या तीनतीनदा तपासल्या. सगळ्या वाडीसमोर पहिला फोन लागला नाही, तर माझंच ते वाक्य खरं ठरणार होतं.

पहिल्या फोनचा मान वाडीतल्या सगळ्यात जुन्या फौजीला दिला. त्यांचा मुलगाही फौजेत, सरहद्दीवर. फोन लागला. म्हातारा ताठ उभा राहून म्हणाला, "मी बोलतोय. हिकडं समदं ठीक हाय. ओव्हर." स्पीकरवर मुलाचा आवाज आला, आबा, कसं हाय, गुडघा काय म्हणतोय? म्हातारा गप्प. आबा, ऐकू येतंय का? तरी गप्प. लोक माझ्याकडं बघायला लागले. तिकडचा आवाज येतोय आणि इकडचा जात नाही, हा बिघाड मी चांगला ओळखते. लॅपटॉपवर बघितलं, तर सगळं ठीक. तेवढ्यात म्हाताऱ्यानं फोनवर हात ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "त्यो अजून ओव्हर म्हनला न्हाई. मी मधीच कसा बोलू?"

आण्णा, मी हसत खालीच बसले. आबा, हा वायरलेस नव्हे, आता दोघांनी एकदम बोललं तरी चालतं, असं त्यांना सांगितलं. मग काय, बापलेक एकमेकांना बोलूच देईनात. गुडघा, म्हैस, सून, सगळं निघालं. बायकांनी मला ओवाळलं आणि ओटी भरली. कुणीतरी पेटीलाही कुंकू लावलं. अभिमान म्हणतात तो असा अंगावर काटा आणतो, हे मला पन्नाशीला कळतंय.

आता एक सांगते. आज गाडीच्या मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली, मी एक परदेशी पेटी आणून ठेवली होती. न जाणो, आपली बंद पडली तर. ती लागली नाही, तशीच परत आली, आणि हे कुणाला ठाऊक नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर एवढं मी लिहिलं नसतं.