‘हाय’ म्हणणारं जपानी पोरगं

अब्बा, आमची कंपनी विकली गेली. तुम्ही असता तर पहिलं विचारलं असतं, "कुणी घेतली?" इतकी वर्षं ज्यांच्याशी आम्ही झुंजत होतो, त्यांनीच घेतली. ऐकून तुम्ही हसला असता, कारण तुमचंही तसंच झालं होतं. मला मात्र हसू येत नाही, दमलेय मी. ऑफिसात केक कापला, वर नव्या मालकांचं नाव क्रीमनं लिहिलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि घरी येऊन चपला न काढताच खुर्चीत बसून राहिले.

मी नेमकं काय काम करते, हे तुम्हाला कधी धड सांगणं झालंच नाही. मी नोकरीला लागले आणि तुम्ही गेलात. तर ऐका. जपानात कार्टून बनतात, तिकडं त्यांना ॲनिमे म्हणतात. ती आपल्याकडं दाखवायची तर हक्क घ्यावे लागतात, आणि हे हक्क कायमचे मिळत नाहीत, खंडानं घेतलेल्या जमिनीसारखे मिळतात. अमुक देश, अमुक भाषा, अमुक वर्षं. मुदत सरली की मालक देईल त्याचे. आमची पुण्याची कंपनी छोटी, मुंबईची ती मोठी, आणि दोघींचा डोळा त्याच मालिकांवर. आम्ही हुडकून काढायच्या आणि त्यांनी वरच्या वर उचलायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं. माझं काम संवाद लिहायचं. पडद्यावरच्या माणसाचं तोंड जेवढा वेळ हलतंय तेवढ्यात आपलं वाक्य बसवायचं. हे मी कुठल्या कोर्सात शिकले, असं लोक विचारतात. काय सांगू त्यांना? पालीच्या शाळेत शिकले म्हणून?

भोरच्या बाजारात आपली व्हिडिओ लायब्ररी होती तेव्हाची गोष्ट. सारोळ्याच्या पुढं हायवेवर एका कारखान्यात मशीन बसवायला जपानी इंजिनिअर आले होते. जाताना त्यांच्यातल्या एकानं तिथं कामाला असलेल्या, आपल्या लायब्ररीच्या एका गिऱ्हाइकाला एक कॅसेट दिली, आणि ती त्याच्या काही कामाची नाही म्हणून त्यानं तुम्हाला आणून दिली. आपल्या व्हीसीआरवर तिला रंगच यायचा नाही. चित्र सारखं वर पळायचं, आवाज तेवढा खणखणीत. अम्मी म्हणाली, "ही कसली हो भुतं आणलीत घरात?" तुम्ही म्हणालात, "असू दे. पोरं बघतील."

तेव्हा टीव्ही-व्हीसीआर टेम्पोत घालून तुम्ही राजगडाखालच्या गावांत पिक्चर दाखवत फिरायचात, मीही सोबत असायचे. पालीची शाळा मला आत्ताही दिसते. दुपार आहे, खिडक्यांना पोती लावलीयत, टेबलावर आपला टीव्ही. मोठ्यांचा पिक्चर लागायच्या आधी पोरं गप बसावीत म्हणून तुम्ही ती कॅसेट घालता. एक पोरगं आणि त्याचा म्हातारा आजा, समुद्राकाठचं घर. बोलतायत काय ते कुणाच्या बापाला कळत नाही. पोरं चुळबुळायला लागतात. तुम्ही माईक हातात घेता. पडद्यावर म्हातारा हाक मारतो, आणि आतून पोरगं ओरडतं, "हाय!"

तुम्ही पडद्याकडं बोट करता. मग माईकमध्ये म्हणता, "ऐकलं का रं? म्हातारा इचारतोय, हायस का घरात? पोरगं म्हणतंय, हाय! आरं, ह्ये तर आपल्या मावळातलंच हाय की!"

काय दंगा झाला! त्यानंतर ते पोरगं जेव्हा जेव्हा "हाय" म्हणे, तेव्हा सगळी शाळा त्याच्यासोबत "हाऽय!" राजगडाला आलेली कॉलेजची पोरं पाठीवरच्या पिशव्या तशाच ठेवून दारात उभी राहिली. पुढं गुंजवण्यात, वेल्ह्यात, जिथं जाऊ तिथं आधी त्याचीच फर्माईश. गुंजवण्यातल्या एका म्हातारीनं तर पुढं येऊन विचारलं, "व्हय वो, पर ह्या पोराची आई कुठं हाय?" तुम्ही पट्दिशी म्हणालात, "धरणाच्या कामावर गेलीया, यील सांजच्याला." म्हातारीचं समाधान झालं. ती खाली बसली आणि शेवटपर्यंत त्या आईची वाट बघत राहिली.

परत येताना टेम्पोत मी तुम्हाला म्हणाले, "अब्बा, तुम्ही नुसत्या थापा मारता." तुम्ही टीव्हीला गोधडी गुंडाळत होतात. असे वळलात की मी मागंच सरकले. "थापा न्हाईत त्या. त्याचं तोंड हलतंय तेवढ्यात बसतंय ना? आन पोरांना आपलं वाटतंय ना? मग झालं तर." एवढंच बोललात आणि पाठ फिरवून गोधडीची गाठ आवळायला लागलात. मला वाटलं, रागावलात. तुमची ती दोन वाक्यं पुढं माझं पोट भरणार आहेत, हे तेव्हा मला काय ठाऊक!

मग केबल आली. आधी तुम्ही गावातल्या केबलवाल्याला टक्कर दिलीत, नवे पिक्चर त्यानं लावायच्या आदल्या दिवशी आणलेत, घरपोच दिलेत. शेवटी त्यानंच लायब्ररी घेतली, व्हीसीआर आणि कॅसेटींसकट. दुकानात उभं राहून तो म्हणाला, "तुम्ही आहात ना आमच्याबरोबर?" तुम्ही हसून म्हणालात, "हाय की! जातोय कुठं?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वायरी ओढायला खांबांवर चढलात. त्या जपानी पोराच्या कॅसेटवर कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग भरलं गेलं. ज्यांचं लग्न ते पुढं अम्मीला सांगत होते, शेवटी वरात संपली की एक काळंपांढरं पोर येतं आणि "हाय" म्हणून जातं. अम्मीनं हसत हसत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत, उठून बाहेर गेलात.

तर आता माझी गोष्ट. मागं एक मालिका आली, त्यातही एक पोरगं आणि एक म्हातारा. जपानी मालक म्हणाले, जो जास्त भाषा देईल त्याला हक्क. मुंबईवाल्यांनी हिंदी, तमीळ, तेलुगू कबूल केलं. आमच्या साहेबांनी ईर्षेनं वर मराठी घातलं, आणि मालिका आम्हाला मिळाली. तोवर आमच्याकडं मालिका इंग्रजी आवाजातच यायच्या, ही पहिलीच मूळ जपानीत आली. संवादांचा तर्जुमा हातात आला आणि पहिल्याच पानावर कळलं, जपानीत "हाय" म्हणजे "हो". अब्बा, मी एकटीच खो खो हसत सुटले, आणि मग रडले. तुम्हाला सांगायला हवं होतं हो. तुमचं फार काही चुकलं नव्हतं.

मी सगळीकडं "हाय" तसंच ठेवलं. पोराचा आवाज द्यायला पुण्यातली एक बाई होती. माईकसमोर उभी राहिली आणि इंग्रजीत कुणाला भेटल्यासारखं लाडानं म्हणाली, "हाऽय!" म्हटलं, "नमस्कार नाही करायचा, बाई. जाग्यावर आहेस एवढं सांगायचंय." दिवसभर घोटवून घेतलं. संध्याकाळी तिला असं जमलं, की मला पालीची पोती दिसली. ही मालिका लागेल, पालीत, गुंजवण्यात, घराघरात पोरं परत त्याच्यासोबत ओरडतील. मला बाकी काही नको होतं. एवढंच हवं होतं.

तेवढ्यात कंपनी विकली गेली. नवे साहेब बोलायला गोड आहेत. म्हणाले, "‘हाय’ गावंढळ वाटतं, ‘हो’ करा." मी हुज्जत घातली. पोराचं तोंड आ वासलेलं, आणि "हो" म्हणताना ओठ गोल होतात, बसायचं कसं? चित्र पुढंमागं करून दाखवलं. त्यांना पटलं! मी जिंकले म्हणून खाली जाऊन चहा प्यायले. वर आले तर त्यांनीच बोलावलं. म्हणाले, मराठी लावायचंच नाही असं ठरलंय. भाषा वाढवल्या त्या एकमेकांवर कुरघोडी करायला. आता समोर कुणी उरलंच नाही, मग मराठी कशाला? हिंदी सगळ्यांना कळतं. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून जास्त लागलं. मराठी टेपा कपाटात जातील, मुदत सरेल, मालिका जपानी मालकांकडं परत जाईल, आणि मग आमच्या टेपा दाखवायचा हक्क कुणालाच नाही. यावर निदान कुणाचं लग्नही भरलं जाणार नाही.

मी उठले तेव्हा साहेब म्हणाले, "मग, तुम्ही आहात ना आमच्याबरोबर?" शब्दन् शब्द तोच, अब्बा. मला केबलवाला दिसला, तुम्ही दिसलात.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, म्हणून तुम्हाला सांगून टाकते. तुमच्यासारखं हसून "हाय की" म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. मग ओठ गोल झाले आणि मी "हो" म्हणाले.