मावशीला सांगा

माय, आज तुझ्याशी बोलायचं आहे, आणि बोलायला तू नाहीस म्हणून लिहिते आहे. तू गेलीस तेव्हा मी शाळेत उर्दूची दुसरी किताब वाचत होते. आता मी हैदराबादहून बी. ए. झाले आहे. आपल्या घरात एवढं शिकलेली मीच पहिली. पुढं नर्सिंगचंही शिक्षण घेतलं आणि धाराशिवला परत आले. ज्या जनाना दवाखान्यात तू आया होतीस, तिथं कोणत्या बाईनं कोणतं काम करायचं हे आता मी ठरवते.

आपण दोघी अणदूरहून इथं आलो, तेव्हा तुला झाडलोट आणि बाळंतिणींची धुणी एवढंच सांगितलं होतं. पण पहिला उन्हाळा सरेपर्यंत पाणी तापवणं तुझं झालं, मग खाटेवरच्या बाईची कूस बदलणं, मग दवा पाजणं, मग नर्सबाईंचा चहासुद्धा. कुणी काहीही मागितलं की एकच उत्तर ठरलेलं, मावशीला सांगा. शाळा सुटली की मी वॉर्डाच्या उंबऱ्यावर बसायचे आणि तुला या खाटेवरून त्या खाटेकडं जाताना बघायचे. एकदा मी म्हणाले, "माय, दवा पाजायचं काम नर्सबाईचं हाय." तू म्हणालीस, "व्हय. अन् माझं बी हाय." मी म्हणाले, "मग तुझी धुणी त्या का धूत न्हाईत?" तू हसलीस, आणि लगेच रागावलीस. "लई तोंड चालायलंय तुझं. न्हाय म्हणणारीला ठिवत न्हाईत इथं. मला काढलं तर तुला शाळंत कोण घालंल, तुझा मामा?" मामानं आपल्याला दारात उभं केलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

मग तुला विषमज्वर झाला आणि त्याच वॉर्डात तुला खाट मिळाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हिला उठू द्यायचं नाही, आतडं नाजूक झालंय, सगळं जागेवरच करा. दोन्ही नर्सबायांनी ऐकलं. पण करायचं कुणी, हे कुणी बोललं नाही. तोवर ते बोलायची वेळच आली नव्हती, कारण असलं सगळं तूच करत होतीस. तुझ्या ओठांवर पापुद्रे धरले होते. या बाईंना वाटायचं त्यांनी पाणी दिलं असेल, त्यांना वाटायचं यांनी. मी होते तेवढा वेळ चमच्यानं पाजत होते.

तो शुक्रवार होता, आमच्या उर्दू शाळेला सुट्टी होती. पलीकडच्या खाटेवर एक बाळंतीण ओकायला लागली. नर्सबाई पाठमोऱ्या होत्या, हातात कुणाचं तरी मूल होतं. सवयीनं त्यांनी हाक मारली, "मावशी, भांडं आण गं." आणि तू डोळे उघडलेस. "आले बाई." मी तुझा हात धरला, "माय, उठू नको म्हणलंय," म्हणाले. तू माझी बोटं एकेक करून सोडवलीस. खाली उतरलीस, वाकून भांडं घेतलंस, तीन खाटा ओलांडल्यास आणि पडलीस. संध्याकाळपर्यंत आतड्यातलं रक्त थांबलं नाही. त्या नर्सबाई वाईट नव्हत्या, माय. तू गेल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं, माझी वेणी घातली आणि घालता घालता रडत होत्या. मी पुष्कळ वर्षं कुणाचा तरी राग धरायला बघत होते, पण धरण्यासारखं कुणी सापडलं नाही.

म्हणून इथं आल्यावर मी एक रीत घातली. सकाळी आम्ही सगळ्याजणी प्रत्येक खाटेपाशी जातो. हिला दवा कोण देणार, हिला न्हाऊ कोण घालणार, हे त्या रोग्यासमोरच मोठ्यानं ठरतं. दवा आणि ताप नर्सनं बघायचा, आयेनं नाही. नर्सबाईंना हे जड जातं. "उद्या आमच्या हातात झाडू द्या," असे टोमणे मी ऐकते.

परवा एका नर्सनं घाईत दवेचा प्याला नव्या आयेच्या हातात दिला. तिनं तो खाली ठेवला. "पाणी आणते, बाई. दवा तुमी पाजा, ते माझं काम न्हाय." नर्स तशीच माझ्याकडं आली. "बघा, तुम्ही शिकवलं, आता ह्या आम्हाला शिकवायल्यात." मी आयेची बाजू घेतली. मग ते दवाखान्याच्या कमिटीतल्या अण्णांपर्यंत गेलं. पेठेतले हे मोठे व्यापारी दवाखान्याला पैसा देतात. त्यांचा निरोप आला, उलट बोलणारी बाई नको, दुसरी बघा.

त्या आयेचं बोलणं ऐकलं तेव्हा मला तुझी फार आठवण आली. हे वाक्य तू एकदा म्हणाली असतीस, तर कदाचित आज असतीस. आणि म्हणाली असतीस तर तुला काढलं असतं, आपण कुणाच्या तरी रानात खुरपायला गेलो असतो, आणि मी ही रीत घालायला इथं नसते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचं काय करायचं मला कळत नाही.

उद्या अण्णांकडं जायचं आहे. तिला काढणार असाल तर आधी मला काढा, असं सांगायचं मी ठरवलं आहे. पण माय, हे तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मघापासून ते वाक्य मी मोठ्यानं म्हणून बघते आहे, आणि दर वेळी तोंडून आधी "व्हय अण्णा" निघतं.