दाताखालचा कापूस

सूनबाई,

दवाखान्यातून आलीस की आधी चहा घे, मग हे वाच.

माझा पुढचा दात काढून तू त्या खड्ड्यात हाडाची भुकटी भरलीस, टाके घातलेस. ते मी बिघडवलं. तू बजावलं होतंस, त्या जागी लावलेला तात्पुरता दात हिरडीला टेकता कामा नये. हिरडी दबली की आतलं हाड खचतं, मग पक्का दात बसवला तरी लांबुडका, उपरा दिसतो. म्हणून तू तो घासून आखूड केलास. मला मात्र आरशात दात आणि हिरडीमधली काळी फटच दिसायची.

काल माझी शाळेतली मैत्रीण आली. आम्ही दोघी वर्गात हसलो म्हणून कितीदा बाहेर उभ्या राहिलो असू! तिच्यासमोर तोंडावर हात धरून बसवेना. मी फटीत कापूस कोंबला. ती गेल्यावर ओढला, तर टाकाच सुटला आणि त्या भुकटीचे पांढरे दाणे बाहेर आले. वाटीत झाकून ठेवलेत. उपयोग होत असेल तर बघ.

रात्री तू विचारलंस, तेव्हा ओठ जेमतेम हलवून "बरं आहे" म्हटलं. या वयात ही थेरं! माझ्यासाठी तू सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडलास, हे आठवलं की मान वर होत नाही.

मी खोलीत पडून आहे, झोपलेले नाही. बॅटरी घेऊन ये. रागवायचं तेवढं रागाव. तोंड उघडल्यावर मला बोलता येणार नाही, म्हणून इथेच लिहिते : चुकलं गं माझं.

आई