कपडे बदलायच्या खोलीची कडी

प्रिय ताई, तुला वाकून नमस्कार. आईचे गुडघे कसे आहेत?

मी मजेत. स्टुडिओत आम्हा शिवणाऱ्या बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला अखेर कडी बसली. तीन वर्षं मी अर्ज करत होते. तोवर एकीने कपडे बदलायचे, दुसरीने दाराला पाठ लावून उभं राहायचं.

मग कुणीतरी इथल्या नटीचा चोरून व्हिडिओ काढला. आठ दिवस पेपरात तीच, नवव्या दिवशी सुतार हजर!

बिचारीचं वाईटच झालं गं. तरी माझा नुसता जळफळाट होतो. ती रडली, तर सगळं गाव हळहळलं.

गेल्या वर्षी मी तापाचं सांगून मधेच घरी आले ना, तेव्हा ताप नव्हता. त्या दिवशी दाराला पाठ लावायला कुणी नव्हतं. रडले मीही होते.

आईला फक्त कडीचं सांग.

तुझी धाकटी