पहिल्या नंबरचं पान

अमरावती,
गुरुवार, दि. ९ जानेवारी २०२५

ती. सौ. ज्योत्स्नाताईस,
गीताचा नमस्कार.

अकोल्याला सगळे बरे असालच. आम्हीही बरे आहोत. तू पाठवलेल्या तुरीच्या शेंगा मिळाल्या, सोल्यांची भाजी दोनदा झाली. प्रणालीच्या बाबांचा खोकला अजून गेला नाही, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की माणूस गाडीची किल्ली घेऊन गायब! थंडी अशी आहे की आंघोळीला हिंमत लागते.

मोबाइल असताना ही बाई पत्र काहून लिहून राहिली, असं तुला वाटेल. सांगते. आधी जरा चिडू दे.

ताई, मला या कर्सिव्हचा वीट आला आहे. तू मास्तरीण, तुला राग येईल, येऊ दे. प्रणालीच्या शाळेत तिसरीपासून इंग्रजी जोडूनच लिहायचं असा नियम. पोरगी तोडून लिहिते. सुटंसुटं, पण स्वच्छ, कोणालाही वाचता येईल असं. तरी डायरीत दर शनिवारी लाल शेरा, 'अक्षराकडे लक्ष द्यावे.' चाररेघी वह्या जूनपासून अकरा झाल्या. आणि हीच शाळा पालकांना बोलावून मोठ्या पडद्यावर दाखवते की आता मुलं टॅबवर शिकणार. अरे मग एकदाचं ठरवा न बापा काय ते! तिचे बाबा म्हणतात, "कोण लिहून राहिलं आता हातानं? राशन बी अंगठ्यावर भेटते." मी त्यांना गप्प बसवते.

मी स्वतः कोचिंग क्लासच्या ऑफिसात दिवसभर कीबोर्ड बडवते. अकरा वर्षांत या हातानं सहीपलीकडे काही लिहिलं नाही. बाबा म्हणायचे, "अक्षर चांगलं त अर्धी नोकरी लागली समज." पातूरच्या शाळेत जानराव मास्तरांसारखं इंग्रजी अक्षर कोणाचं नव्हतं, आणि आपण दोघी त्यांच्या पोरी, म्हणून जेवणाआधी एकेक पान. तुझं पान पाहून ते 'शाब्बास' म्हणायचे. माझं पाहून 'आणखी एक लिही' म्हणायचे. असो. अर्धी नोकरी तर सोड, पाव बी नाही लागली. या अक्षराचं मी काय लोणचं घालू?

तुमच्या हस्ताक्षर स्पर्धेची पानं तपासून झाल्यावर रविवारी तुझा फोन आला. तू आधी हसत होतीस, मग रडायलाच लागलीस. "गीते, नंबर काढून झाले, नावावरची पट्टी उचलली, अन् पाह्यतो त आपली प्रणाली! अवं, बाबाचं वळण उतरलं पोरीत! तो आर, तो एफचा खालचा वळसा!" मी नुसतं 'हो ताई, हो ताई' करत राहिले. मग तू म्हणालीस की बाबांचं शाईचं पेन एकोणीस तारखेला स्टेजवर तिलाच देणार, कारण ज्या नातवंडाच्या हातात अक्षर उतरेल त्याला ते द्यायचं असं बाबाच सांगून गेले होते. आणि बक्षीस घेण्याआधी प्रत्येक पोराला फळ्यावर एक ओळ लिहून दाखवायची आहे.

तेव्हापासून हे पत्र मी मनात लिहिते आहे.

त्या पानाचं असं झालं. तुमच्या स्पर्धेत पान घरून लिहून आणायचं होतं. प्रणालीनं पाच वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी मधेच अक्षर तुटायचं. पाचव्या वेळेस मी तिच्या बोटांवर फूटपट्टी मारली. हो, मी. जिनं बाबांच्या हातची एक पट्टी वीस वर्षं लक्षात ठेवली, तिनंच. पोरगी रडली नाही. पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "मंग तूच लिही," आणि खाली खेळायला निघून गेली. मी म्हटलं, एकदा नमुना लिहून दाखवावा. लिहिलं. तो नमुना चुकून तिच्या दप्तरात गेला.

नाही ताई, चुकून नाही. दप्तरात मी ठेवला. वर पालक म्हणून सहीही केली. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या आया प्रोजेक्ट करून देतात, थर्माकोलचे किल्ले काय अन् ज्वालामुखी काय, मग एका पानानं काय होतं, असं मनाला सांगितलं. पण ते लिहिताना मला किती बरं वाटलं, ते कोणाला सांगू? कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरण करपलं. आणि पहिला नंबर आला ऐकल्यावर क्षणभर जो आनंद झाला तो पोरीचा नव्हता, माझा होता. त्याची मला आता लाज वाटते.

सोमवारी शाळेत प्रार्थनेनंतर तिचं नाव पुकारलं, टाळ्या वाजवल्या. घरी आली ती बुटासकट पलंगावर बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "आई, नंबर त तुया आला न? मंग तूच जाय अकोल्याले." ताई, नऊ वर्षांची आहे ती. त्या दिवसापासून वही उघडत नाही. परवा पेन्सिल हातात दिली तर हात पाठीमागे लपवला.

म्हणून हात जोडून सांगते, तिचं नाव काढ. दुसऱ्या नंबरच्या लेकराला पहिलं कर. परीक्षकाच्या भाचीनं असं केलं म्हणून चार लोक तुला बोलतील, हे मला कळतं. त्यांना सांग, भाचीनं नाही, बहिणीनं केलं. तिच्या वर्गाच्या बाईंना मी उद्या सकाळी जाऊन सांगणार आहे. पेन तुझ्याकडेच राहू दे. फक्त प्रणालीला एक फोन कर. तिचं तोडून लिहिलेलं अक्षर तुला चालतं, एवढं तिला तुझ्या तोंडून ऐकू दे. माझ्यावर तिचा भरवसा नाही सध्या.

फोनवर हे तीनदा सांगायला गेले. तिन्ही वेळा तू बाबांचं नाव काढून रडलीस आणि माझी जीभ रेटली नाही. शिवाय फोनवर तुला खरं वाटलं नसतं. म्हणून हे हातानं लिहिलं. खाली सही इंग्रजीत करते, जोडून, बाबांच्या वळणाची. ते पान शेजारी ठेव आणि पाहा.

आणि ताई, मनातला राग गेला की एकच सांग. त्या पानाला शंभरातले किती दिले होतेस?

तुझी धाकटी,
दोन्ही पानं लिहिणारी,
Geetanjali