भैरोबाचा उजवा कौल

मुळशी पेटा
भाद्रपद शुद्ध पंचमी, शके १८४२

चिरंजीव नथूस आजी रंभाबाईचा आशीर्वाद. आम्ही सगळी बरी आहोत. तुझी खुशाली बेळगावाहून येत जावी.

येत जावी म्हणते, पण कुणाची ते तरी कळू दे. दोन पानं लिहिलीस आणि खाली नाव घालायला विसरलास. मास्तरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. शेवटी "म्हशीला गूळ घाला" असं निघालं, तेव्हा मी म्हणाले, हा आमचाच. सरकारनं बंदूक दिली आहे, ती तरी कुठं ठेवलीस ते ध्यानात आहे ना?

या खेपेला अक्षर निराळं दिसेल. मास्तर नाहीत, कुशाबा गुरव लिहितो आहे. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, असं मास्तर म्हणतात. मला दोन्ही सारखीच. पण मी "हाय" म्हणते तिथं हा "आहे" लिहितो, आणि वाचून दाखवतो तेव्हा मीच कुलकर्ण्याची आई वाटते.

तुझी आई बरी आहे. म्हैस गाभण आहे. ओढ्याकाठच्या खाचरात भात पोटरीला आलं आहे, यंदा दृष्ट लागेल असं.

तुझं पत्र मास्तरांनी ओट्यावर सगळ्यांसमोर वाचलं. पंधरा दिवसांनी बोट, मग बसरा, तिकडं अरब उठलेत. तू लिहितोस, बाकीची पोरं गप्प झालीत, मी नाही. आजीनं भैरोबाला विचारलं होतं, देवानं उजवी दिली आहे, म्हणून पुढं जाणाऱ्या तुकडीत मी आपण होऊन नाव दिलं. लोक "वा रं गडी" म्हणाले. तुझी आई पदरानं डोळे पुसून हसली. मी उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. ती घटकेपूर्वीच प्यायली होती.

म्हणून आज कुशाबाकडं आले. दुसऱ्या कुणाकडून हे लिहवून घेववत नाही. त्या दिवशी गाभाऱ्यापाशी आम्ही दोघंच होतो. तू बाहेर नारळ धरून उभा.

कुशाबानं देवाच्या छातीला दोन्ही अंगांना कळ्या लावल्या. मी विचारलं, पोराला पलटणीत धाडू का? उजवी पडली तर जाऊ दे, डावी पडली तर राहू दे.

नथू, डावी पडली.

माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत पडली. तू बाहेरून विचारलंस, "आजे, काय दिलं गं देवानं?" मी म्हणाले, "उजवी दिली रं." कुशाबानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं तुझ्या हातचा नारळ घेऊन फोडला. आताही बघ, लेखणी धरून थांबला आहे. लिही म्हणते त्याला, तुझंही नाव येऊ दे.

भरतीवाला सांगून गेला होता, ज्याचा पोरगा पलटणीत त्याचं खाचर नव्या धरणाच्या पाण्यात बुडणार नाही. पन्नास वर्षं त्या चिखलात उभी राहिले मी. चिखल जवळचा वाटला. तुला जायचं नव्हतं. तोंडानं "देव सांगंल तसं" म्हणालास, पण तुझं तोंड मी लहानपणापासून पुसलेलं आहे, मला दिसत होतं.

मागल्या सोमवारी धरणाचं माप घेणारे आले. मी तुझा पलटणीतला फोटो पुढं केला. त्यातला एक म्हणाला, "पोरगा झोकात आहे, आजीबाई," आणि आपल्या चुलीमागच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर हातभर, चुन्याची रेघ ओढली. पाणी तिथवर येणार. खाचर तर त्याच्या किती तरी खाली.

तुझ्या आईला यातलं ठाऊक नाही. ती रोज भैरोबाला दिवा लावते. मी पायरीपाशी बसून राहते, गुडघे दुखतात म्हणते. गुडघ्यांना काही झालेलं नाही.

माफ कर म्हणायला मला तोंड नाही. एवढंच ऐक. तुझ्यापुढं देवानं ढाल धरलेली नाही, ती आजीची थाप होती. बोट निघायच्या आत साहेबाला गाठ आणि पुढं जाणाऱ्या तुकडीतलं नाव काढ. भित्रा म्हणतील. म्हणू देत. विचारलं तर सांग, आजी खोटारडी निघाली. नाहीच काढलं नाव, तर डोकं खाली ठेव. पोरं पुढं पळाली तर बुटाचा बंद सुटला म्हण आणि बांधत बस.

तुझी आजी रंभाबाई. खालचा अंगठा माझा. पुसट उठला आहे, दुसऱ्यांदा दाबवला नाही.

राग आला तर पत्र लिहू नकोस. पण बसऱ्याला खजूर पिकतो, असं तिकडून आलेला भैरू सांगतो. तेवढा शेरभर धाड. फडक्यात बांध आणि तुझी ती उलटी गाठ मार, लहानपणी पटक्याला मारायचास ती. नाव घालायला विसरलास तरी चालेल, गाठ वाचायला मला मास्तर लागत नाही. मऊ बघून धाड, दात दोनच उरलेत.