मेंढपाळाच्या घरी गाईचा खिमा

प्रिय आई,

रविवारी जेवताना हेस्टरच्या वडिलांनी पहिला घास घेऊन काटा खाली ठेवला, त्या क्षणी माझं सगळं बिनसलं.

काळजी करू नकोस. कॉलेज सोडलं तरी इथे कंब्रियात त्यांच्या मेंढ्यांवर काम आहे, पोटभर जेवतो.

हेस्टरला मागणी घालायची म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात तुझ्या पद्धतीने शेफर्ड्स पाय केली. कांदा-गाजरात खिमा शिजवला, वर बटाट्याचा जाड थर दिला.

"पोरा, हा तर गाईचा खिमा," म्हातारा म्हणाला. "शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, त्याच्या पायमध्ये मेंढीचंच मांस हवं. आमच्या मेंढ्या काय लोकरीपुरत्याच?"

हेस्टर खुदकन हसली. मी भडकलो. "माझ्या आईच्या हाताला नावं ठेवू नका!" म्हणून उठलो, तो तडक खोलीवर.

खरं सांग, तू नेहमी गाईचाच घालायचीस ना? बाबांचा खोकला कसा आहे?

काल मेंढीचा खांदा भाजला, आज बारीक चिरून सगळं पुन्हा केलं. हेस्टरने दारातूनच परत पाठवलं तर? सकाळपासून चारदा बूट घातले आणि काढले.

भांडं गरम आहे तोवर निघतो. माफीही मागेन, मागणीही घालेन. पत्र वाटेत पेटीत टाकतो. हे बघ, पाचव्यांदा बूट घातलेच.

तुझा तापट,
जोरी